जर्मनीहून पाहुणे आणि डिसेंबरातलं बेळगाव

परदेशातल्या नातेवाइकांना सुट्टी मिळते ती नाताळात, आणि इंटरनेटवर बेळगावचे म्हणून जे फोटो फिरतात ते सगळे पावसाळ्यातले. यंदा धाकटे दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं स्टुटगार्टहून आली, ती मोबाइलवर गोकाकच्या धबधब्याचा फोटो घेऊनच. घटप्रभा तिथे 52 मीटर खाली कोसळते हे खरं, पण ते रूप जुलै ते ऑक्टोबरचं. वरच्या अंगाला हिडकल धरण आहे, डिसेंबरात कड्यावर उघडा खडक जास्त आणि पाणी कमी. त्यासाठी जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर गाडीत बसायचं? आम्ही गोकाक यादीतून काढलं आणि तो दिवस खानापूर-हलशीला दिला. तुमच्याकडेही हिवाळ्यात पाहुणे येणार असतील तर डोळे झाकून हेच करा.

आधी पोहोचण्याचं बघू. सांबऱ्याचा विमानतळ गावापासून दहाएक किलोमीटरवर, पण थेट परदेशातून तिथे कुणी उतरत नाही. मुंबई किंवा बेंगळुरूहून पुढचं तिकीट वेगळं काढलंत तर सामानाचा घोळ होतो. परदेशातून येताना दोन-दोन मोठ्या बॅगा चालतात, देशातल्या विमानात साधारण 15 किलोच फुकट. म्हणून सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढायला सांगा, नाहीतर गोव्याला मोपा विमानतळावर उतरवून गाडीने आणा. वाटेतल्या चोर्ला घाटात मुलांना गाडी लागते. लिंबू आणि प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी ठेवा.

मुलांचे पासपोर्ट जर्मन. परदेशी पासपोर्टवाला पाहुणा घरी उतरला की त्याची नोंद यजमानाने 24 तासांत ऑनलाइन करायची असते, हे पुष्कळांना माहीतच नसतं. पासपोर्टचे आणि व्हिसाचे फोटो आधीच मागवून ठेवलेत की पाहुणे चहा घेईपर्यंत काम उरकतं. आम्ही मागे त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा व्हिसासाठी आम्हाला 30,000 युरोचा विमा काढावा लागला होता. त्यामुळे कागदपत्रांची कुरकुर करायला भाऊजींना जागाच नव्हती.

घरात सगळ्यांची सोय होत नसेल तर हॉटेल फार आधी धरा. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. आमदार, अधिकारी, पोलीस, पत्रकार, मोर्चे, सगळेच गावात. खोल्या मिळत नाहीत, आणि हमरस्त्यावर कधी अडवतील सांगता येत नाही. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या एसट्या बंद पडतात. 1 नोव्हेंबरला कर्नाटकाचा राज्योत्सव आणि इथल्या मराठी माणसांचा काळा दिवस, त्याच्या आसपास तर कोल्हापूर-बेळगाव प्रवास ठेवूच नका. आम्हाला सवय आहे, पाहुण्यांना नसते.

पहिला दिवस गावातच घालवा. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, सकाळी बघा. रट्ट राजांच्या काळातली, 1204 सालची. आत नेमिनाथांची मूर्ती, आणि मंडपाच्या छताला दगडात कोरलेलं उलटं कमळ. मुलं सरळ फरशीवर उताणी झोपून ते बघत बसली. मी दटावणार होते, पण तिथल्या आजोबांनीच ‘बघू देत की’ म्हटलं. किल्ल्यातच रामकृष्ण आश्रम आहे. 1892 मध्ये विवेकानंद बेळगावला आले तेव्हा काही दिवस तिथे राहिले होते. किल्ल्याचा काही भाग लष्कराचा आहे, तिकडे कॅमेरा खाली ठेवा. टिळकवाडीत वीरसौध आहे, 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाचं स्मारक. ते अधिवेशन बेळगावला झालं, आणि गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं ते एकमेव अधिवेशन. जाऊबाईंना हे माहीत नव्हतं, आणि त्या इथल्याच वडगावात वाढलेल्या!

हलशीला सकाळी लवकर निघावं. खानापूर, नंदगड आणि पुढे हलशी, सगळा रस्ता झाडीतला. नंदगडला कित्तूरच्या राणी चेन्नम्माचा लढवय्या संगोळ्ळी रायण्णा याची समाधी आहे. 1831 मध्ये इंग्रजांनी त्याला इथेच फाशी दिलं. हलशी म्हणजे कदंब राजांची जुनी पलाशिका नगरी. भूवराह-नरसिंह देवळात एरवी कुठे सहसा न दिसणारी रचना आहे, दोन गाभारे समोरासमोर. मधे उभं राहिलं की एकीकडे पृथ्वीला उचलून धरणारा वराह आणि पाठीमागे दुसरा गाभारा. आत अंधार असतो, छोटी बॅटरी न्या. गर्दी नाही, तिकीट नाही, आणि हॉटेलही नाही. डबा घरूनच घ्या, किंवा परतताना खानापुरात जेवा. वेळ उरला म्हणून त्याच दिवशी कित्तूर जोडायच्या फंदात पडू नका. थंडीच्या देशातून आलेल्यांना आपलं दुपारचं ऊन डिसेंबरातही सोसत नाही, जेवणानंतर ती माणसं गाडीत आडवीच होतात.

मुलं रंगली ती मात्र मांडे बघण्यात. ओळखीच्या एका बाईंकडे लग्नाची ऑर्डर होती, तिथे घेऊन गेले. पिठीसाखरेचं सारण भरलेला गोळा त्या आधी लाटतात, मग दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवतात. कोपरापर्यंत उतरलं की पलीकडचा हात दिसावा इतकं पातळ. लगेच उपड्या कढईवर टाकायचं, आणि कडक व्हायच्या आत घडी घालायची. क्षणभर उशीर झाला की चुरा. थोरल्याने एक करून बघितला, त्याच्या हातावरच फाटला. ‘काकू, हा आता माझा ना?’ म्हणून खाऊनही टाकला.

बसने फिरायचं असेल तर पाट्या कन्नडमध्ये असतात, कंडक्टरला विचारावं. तो मराठीत सांगतो. बायकांना फुकट प्रवास आहे तो कर्नाटकातल्या बायकांना, ओळखपत्र दाखवून. पाहुणीचं तिकीट काढावं लागतं, आणि बस भरलेली असते. चार-पाच जण असाल तर दिवसभराची गाडीच परवडते. परदेशी कार्डावर गल्लीतला दुकानदार पैसे घेत नाही, तेव्हा सुट्टे खिशात ठेवा.

परतीच्या बॅगेचं शेवटी. युरोपात बाहेरून दूध-दुभतं नेऊ देत नाहीत. मिठाईला सूट आहे म्हणतात, पण बेळगावचा दुधाचा कुंदा ही मिठाई की खवा, हा वाद फ्रँकफर्टला कस्टमवाल्याशी कोण घालणार? शिवाय तो टिकतोही थोडेच दिवस. आम्ही कुंदा इथेच संपवला, बॅगेत आलेपाक, गोकाकचं करदंट (डिंक-सुकामेव्याची गुळातली वडी) आणि संकेश्वरी मिरच्यांचं तिखट घातलं. तिखटाला तीन पिशव्या लावा, नाहीतर कपड्यांचा वास महिनाभर जात नाही.