उतू गेलं तर जाऊ दे

आमच्याकडे दूध उतू गेलं की आईचा एकच प्रश्न, "लक्ष कुठे होतं?" त्यामुळे चेन्नईतल्या पहिल्या पोंगलला शेजारच्या मामींकडे गेले आणि भांड्यातलं दूध फुगून वर यायला लागलं तेव्हा माझा हात सवयीने थेट गॅसच्या बटणाकडे. मामींनी मनगटच धरलं. दूध काठावरून घळाघळा बर्नरवर, आणि घरातले सगळे ओरडतायत, "पोंगलो पोंगल!"

पोंगल म्हणजेच उतू जाणं. सणाचं नाव तेच, पदार्थाचंही तेच. मग त्या दुधात नवा तांदूळ, मूगडाळ, गूळ आणि तूप किती घालायचं याला काही लिमिट नाही. भांड्याच्या गळ्याला हळदीचं अख्खं रोप बांधलेलं, पानांसकट, कंदाला माती तशीच. शेजारी ऊस. खरं तर हे सगळं अंगणात, सूर्यासमोर, नव्या मातीच्या मडक्यात व्हायला हवं, पण तिसऱ्या मजल्यावर कुठलं अंगण! मामींची सून तर प्रेशर कुकरलाच हळद बांधते.

आपली संक्रांत तोच त्यांचा तै महिन्याचा पहिला दिवस. भोगीही आदल्याच दिवशी, फक्त आपण तीळ लावलेली भाकरी खातो आणि ते पहाटे जुन्या चटया, केरसुण्या जाळतात (धुराबद्दल न बोललेलंच बरं). दुसऱ्या दिवशी माट्टु पोंगल, गाईबैलांची शिंगं रंगवायची. आपला पोळा श्रावण अमावास्येला, पीक अजून शेतात उभं असताना. यांचे आभार मात्र भात घरात आल्यावर, म्हणजे माल मिळाल्यावर पावती :)

तैच्या आधीच्या मार्गळी महिन्यात लग्नंबिग्नं होत नाहीत, म्हणून "तै लागला की वाट निघते" अशी तिकडे म्हणच आहे. मामी ती लग्नापासून प्लंबरपर्यंत कुठेही वापरतात.

एकदा मी आईला फोनवर हे उतू जाण्याचं कौतुक रंगवून सांगत होते तर ती म्हणाली, "अगं, रथसप्तमीला आजी अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध ठेवायची ते काय होतं? उतू जाईपर्यंत हलू द्यायची नाही कुणाला." मी साफ विसरले होते. उतू नये मातू नये एवढंच काय ते डोक्यात राहिलं.

आता पुण्यात परत आलोय, तरी पोंगलच्या सकाळी मामींचा फोन येतोच. हॅलो नाही, काही नाही, डायरेक्ट "पाल पोंगिच्चा?" दूध उतू गेलं का? मी फोन कानाला धरून बर्नर घासत असते.