खापऱ्याच्या अळ्या आणि सात दिवसांची धुरी

मे महिन्यात मराठवाड्यातल्या एका गोदामात गव्हाच्या थप्पीला धुरी दिली होती. टनाला अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या ३ ग्रॅमच्या ३ गोळ्या, सात दिवस. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. आवरण काढून वायू मोकळा केला, वायू मोजणारा मीटर ०.३ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.३ भाग) खाली आल्यावरच आत गेलो. वरच्या थरातले सोंडे मेलेले. तळाच्या पोत्यांच्या शिवणीत खापरा भुंग्याच्या विटकरी, केसाळ अळ्या निपचित पडल्या होत्या. सोबतच्याने वहीत ‘मेल्या’ लिहूनही टाकलं. या कामात अशी घाई फार चालते.

बारा अळ्या काचेच्या नळीत घेऊन मी तिच्यात उच्छ्वास सोडला. त्यात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड, शिवाय ऊब. मिनिटभरात पाच अळ्यांच्या शेपटीकडचे केस थरथरले.

कीटकाला फुप्फुस नसतं. अंगाच्या दोन्ही कडांना श्वसनरंध्रं, तिथून श्वासनलिका थेट पेशींपर्यंत. रंध्र उघडं राहिलं की अंगातलं पाणी वाफ होऊन जातं. म्हणून अनेक कीटक निवांत असताना रंध्रं मिटून घेतात. आतला ऑक्सिजन वापरत राहतात, कार्बन डायऑक्साइड अंगरसात विरघळतो. ऑक्सिजन फार उतरला की रंध्र किलकिलं होतं, आतला दाब कमी असल्याने हवा आत ओढली जाते, वाफ फारशी निसटत नाही. कार्बन डायऑक्साइड साठला की मगच ते सताड उघडतं. खापऱ्याची सुप्त अळी तर श्वासच जेमतेम घेते, आणि फॉस्फिन त्याच वाटेने आत जायचा असतो.

‘गोळ्या दुप्पट टाका’ हा सल्ला मला दर वेळी मिळतो आणि तो चूक आहे. वायू फार दाट झाला की कीटक गुंगीत जातो, श्वास आणखी मंदावतो. मारायला दिवस लागतात, तेही वायू टिकला तर. इथे तिसऱ्या दिवशी ७०० पीपीएम होते, सातव्या दिवशी ९०. फरशीला भेग होती, आवरणाची कड दाबणाऱ्या वाळूच्या पिशव्या एकमेकींवर चढवलेल्या नव्हत्या. गोळ्यांची राख उघड्यावर साबणाच्या पाण्यात टाकली तेव्हा बराच वेळ बुडबुडे येत राहिले. मेच्या कोरड्या हवेत गोळ्या पुरत्या फुलल्याच नव्हत्या.

भेग सिमेंटने बुजवली, पिशव्या एकमेकींवर फूटभर चढवल्या, पुन्हा धुरी दिली, मीटर रोज पाहिला, आवरण बारा दिवस ठेवलं. शिवणीतल्या अळ्या या वेळी नळीत हलल्या नाहीत, पंधरा दिवसांनीही नाही. पण थप्पीमागच्या भिंतीचा पोपडा खरवडला तेव्हा त्याखाली दोन जिवंत सापडल्या. तिथवर आवरण पोचतच नव्हतं.