बोर्दो ते तुलूझ: कालव्याकाठची सायकलवाट

दक्षिण फ्रान्समधल्या गारोन कालव्याच्या काठाने सायकल चालवायची तर मोटारींची चिंता जवळजवळ संपते आणि दुकानांच्या वेळांची सुरू होते. आपल्याकडे रस्ता म्हटला की दर दोन-चार किलोमीटरवर चहाची टपरी, पंक्चरवाला, पाण्याची बाटली ठरलेली. हे सगळं वाहनांच्या वर्दळीवर जगतं. जिथे वाहनंच नाहीत तिथे तेही नाही, आणि माझी निम्मी तयारी याच एका गोष्टीभोवती फिरली.

कालव्याची थोडी ओळख आधी. तुलूझपासून कास्ते-आँ-दोर्तपर्यंत तो १९३ किमी लांब आहे. १८५६ मध्ये तो पूर्ण झाला आणि त्याच सुमारास बोर्दो-तुलूझ रेल्वेही आली, त्यामुळे मालवाहतुकीचा त्याचा जोर लवकरच ओसरला. आज तिथे मुख्यतः सहलीच्या बोटी दिसतात. पूर्वी घोडे बोटी ओढत ज्या काठाने चालायचे, त्याच काठावर आता डांबरी सायकलवाट आहे. अटलांटिकपासून भूमध्य समुद्रापर्यंत जाणाऱ्या 'कनाल दे दो मेर' या लांब सायकलमार्गाचा हा भाग. पाट्यांवर त्याचा क्रमांक व्ही-८० असा असतो.

व्हिसाचं गणित सायकलवाल्यांसाठी जरा वेगळं पडतं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपासून पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अडचण मुक्कामाच्या पुराव्याची. पाय दुखले की थांबू, असा बेत अर्जात चालत नाही. मी प्रत्येक रात्रीचा मुक्काम आधी ठरवला: तीन रात्री तंबूची जागा, दोन रात्री घरगुती खोली. शिवाय रोजचं अंतर आणि गावाचं नाव लिहिलेला एक पानाचा तक्ता जोडला. अंतरं मुद्दाम कमी ठेवली, ४० ते ६० किमी. उशीर झाला तरी ठरलेल्या गावी पोहोचता यावं, एवढाच हेतू.

सायकल घरचीच नेली. दुकानातून पुठ्ठ्याचं खोकं आणलं, पुढचं चाक काढलं, पेडल काढली, सीट खाली केली, हँडल वळवून दांड्याला बांधलं. फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याच्या, दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा आडवा तुकडा घालायला विसरू नये, खोकं आपटलं की फोर्क तिथेच दबतो. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, सोडवून फ्रेमच्या आत वळवून बांधला, म्हणजे त्याचा हँगर, तो फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकत नाही. टायर ७०० × ३८ चे. आपल्या बऱ्याच हायब्रीड सायकलींच्या रिमला श्रेडर व्हॉल्वचं, म्हणजे मोटारीच्या टायरसारख्या जाड व्हॉल्वचं, मोठं भोक असतं आणि फ्रान्समध्ये बारीक प्रेस्टा व्हॉल्वच्या ट्यूब सगळीकडे मिळतात. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व हलतो आणि ट्यूब नेमकी त्याच्या मुळाशी फाटते. त्यासाठी भोकात बसणारी छोटी कडी मिळते. दोन कड्या, दोन ट्यूब, पॅचचा डबा, चेनची एक जोडकडी आणि मागच्या चाकाच्या मापाचे तीन स्पोक एवढं घेतलं. गॅसचा डबा विमानात चालत नाही, त्याबद्दल पुढे.

बोर्दोहून बाहेर पडायला रोजे लापेबी यांच्या नावाची सायकलवाट आहे. लापेबी हे १९३७ च्या तूर द फ्रान्स सायकलशर्यतीचे विजेते. ही वाट जुन्या रेल्वेमार्गावर बांधलेली, लात्रेनपासून सोव्हतेर-द-ग्वियेनपर्यंत पन्नासेक किमी. रेल्वेची असल्याने चढ इतका मंद की पायाला उशिरा कळतो. वेग कमी का झाला म्हणून मी दोनदा ब्रेक घासतोय का ते पाहिलं. ब्रेक ठीक होता, वाटच चढत होती. वाटेत क्रेओंचं जुनं स्टेशन लागतं, तिथे पाणी भरून पुढे निघायचं.

सोव्हतेर ते कालवा हे पंधरा-अठरा किमी मात्र साध्या ग्रामीण रस्त्याचे, द्राक्षमळ्यांतून वर-खाली. संपूर्ण प्रवासात मोटारींशी खरा संबंध आला तो इथेच. वाहतूक उजवीकडून, हे एका दिवसात अंगवळणी पडतं. अंगवळणी पडत नाही तो उजव्या हाताच्या वाहनाला आधी जाऊ देण्याचा नियम. गावात पाटी किंवा पांढरी रेघ नसलेल्या नाक्यावर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याचा हक्क पहिला, गल्ली कितीही किरकोळ असो. दाट धुकं किंवा अंधार असेल तर गावाबाहेर चमकणारं जाकीट सक्तीचं आहे. ला रेओलला गारोन नदीचा झुलता पूल ओलांडला की पलीकडे फोंते गावाशी कालवा भेटतो. तिथून तुलूझ १८० किमीच्या आसपास.

कालव्यावरचा पहिला दिवस फार सोपा वाटतो. पाणी स्थिर, दोन्ही काठांना चिनाराच्या कुळातली प्लेनची उंच झाडं, सावली सलग. आणि हीच झाडं डांबर उचलतात. मुळं वाटेखालून आडवी जातात आणि पृष्ठभागावर भाजलेल्या पापडासारखे फुगे येतात, काही ठिकाणी हाताच्या मुठीएवढे उंच. सावलीचे ठिपके पडलेले असतात, त्यात ते दिसत नाहीत. एका धक्क्याने काही होत नाही, पण दिवसभरात असे शेकडो धक्के बसले की मागच्या कॅरियरचे बोल्ट सुटू लागतात. एम-५ चे हे चार बोल्ट फार छोटे आहेत आणि सगळं सामान त्यांच्यावर असतं. एक ढिला पडला की भार दुसऱ्यावर जातो, तो मान तुटून फ्रेममध्येच अडकतो आणि अडकलेला तुकडा काढणं गावात शक्य नसतं. मी निघण्यापूर्वी बोल्टला आटे ढिले होऊ न देणारं पातळ निळं द्रव्य लावलं आणि बोल्टच्या डोक्यापासून कॅरियरपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढली. संध्याकाळी रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. तिसऱ्या दिवशी डावीकडचा खालचा बोल्ट पाव फेरा फिरलेला सापडला. ॲलन कीने आवळला आणि काम भागलं.

टायरमधली हवा मागे ५५, पुढे ४५ पीएसआय ठेवली. माझं आणि सामानाचं मिळून वजन ८५ किलोच्या आसपास होतं. जास्त हवा भरली तर मुळांवर मनगटं दुखतात.

सपाट रस्ता शरीराला सोपा नसतो, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. लॉक म्हणजे बोटीला वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणारा, दोन्हीकडे दरवाजे असलेला पाण्याचा हौद. असे एकूण ५३ लॉक मिळून कालवा १२८ मीटर चढतो, म्हणजे प्रत्येक लॉकला सरासरी अडीच मीटरपेक्षाही कमी. लॉकच्या बाजूला एक छोटा चढ येतो, बाकी सगळी रेघ. घाटात चढताना आपण उभे राहतो, उतारावर पाय थांबतात, हात जागा बदलतात. इथे उतारच नसल्याने पेडल एकदाही सुटत नाही आणि सीटवरचा भार त्याच दोन हाडांवर तासन् तास राहतो. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी दोन्ही करंगळ्यांची टोकं बधिर झाली. तळव्याच्या कडेने जाणारी नस हँडलवर दाबली जाते म्हणून हे होतं. हँडल एक सेंटीमीटर उंच केलं, सीटचं टोक किंचित वर उचललं म्हणजे शरीर पुढे घसरून हातांवर येत नाही, आणि प्रत्येक लॉकपाशी उतरायचं ठरवलं. दर तीन-चार किलोमीटरवर आपोआप विश्रांती होते. लॉकची गंमतही बघायला मिळते: लॉकच्या अलीकडे पाण्यावर एक दांडा लोंबकळत असतो, बोटवाला जाता जाता तो पिळतो आणि दरवाजांची यंत्रणा कामाला लागते.

आता दुकानं. लहान गावातला किराणा साडेबारा-एकला बंद होतो तो तीन-साडेतीनला उघडतो. रविवारी दुपारनंतर काही मिळत नाही, सोमवारी पुष्कळ दुकानं बंदच. बेकरीला आठवड्याची एक सुट्टी असते आणि ती प्रत्येक गावात वेगळ्या वारी. जेवणघरात दुपारचं जेवण बारा ते दोन, अडीचला गेलात तर नम्रपणे नकार मिळतो. म्हणून माझा क्रम असा बसला: सकाळी आठला बेकरी, अकराच्या आत दुपारचं सामान, आणि पिशवीच्या तळाशी एक वेळचं राखीव जेवण कायम. शाकाहारी माणसाला डब्यातली मसूर, चीज, टोमॅटो, ब्रेड यावर आठवडा निघतो. आजाँच्या परिसरातले सुकवलेले आलुबुखार खिशात ठेवायला उत्तम. सप्टेंबरमध्ये म्वासाकची शास्ला द्राक्षंही मिळतात, छोटी, सोनेरी, पातळ सालीची.

पाण्यासाठी फ्रेंच सायकलस्वारांची जुनी युक्ती आहे: गावाचं कब्रस्तान. फाटकाच्या आत कुंड्यांना पाणी घालण्यासाठी नळ असतो आणि तो सहसा चालू असतो. आपल्या मनाला स्मशानातलं पाणी भरणं जड जातं, मलाही पहिल्यांदा गेलं. तिथे येणारी म्हातारी माणसं 'बोंझूर' म्हणतात आणि बाटली भरेपर्यंत झारी घेऊन शांत उभी राहतात. नळावर 'ओ नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नये, एवढं मात्र पाहायचं.

गॅसचा घोळही गावातच होतो. माझी शेगडी आटे असलेल्या डब्याची होती. खेड्यातल्या दुकानात आणि कॅम्पिंगच्या जागेवर मिळतात ते बहुतेक काँपिंगाझचे, दाबून फिरवायचे डबे, त्यांची बैठक वेगळी. आट्यांचा डबा मोठ्या शहरातल्या क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळतो, तो बोर्दोतच घ्यावा. २३० ग्रॅमचा एक डबा सकाळचा चहा आणि रात्रीचा भात मिळून सहा दिवसांना पुरला.

आजाँला कालवा गारोन नदीवरून जातो. ५३९ मीटर लांबीचा, २३ कमानींचा दगडी पूल, वर पाणी, खाली पाणी. बोर्दोकडून येताना आधी चार लॉक एकापाठोपाठ चढावे लागतात, मग पूल. कठडा जवळ आणि समोरून माणसं येतात, म्हणून मी उतरून सायकल ढकलत नेली. उन्हात तापलेल्या दगडाचा आणि ओल्या शेवाळाचा वास एकत्र येतो. म्वासाकच्या पुढे असाच ३५६ मीटरचा पूल तार्न नदीवर आहे. म्वासाकला बाराव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा मठ आहे आणि स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थाला पायी जाणारे यात्रेकरू तिथे थांबतात, त्यामुळे तंबू नसलेल्यालाही स्वस्त खाट मिळण्याची शक्यता चांगली.

अर्ध्या वाटेत काही बिघडलं तर रेल्वे जवळच असते. मार्माँद, आजाँ, म्वासाक, मोंतोबाँ इथे स्थानकं आहेत आणि टीईआर या प्रादेशिक गाड्यांत सायकल न उघडता नेता येते. जागा मोजक्या असतात, म्हणून सकाळच्या कार्यालयीन वेळा टाळाव्यात.

मोंतेशला थांबून पाण्याचा उतार पाहावा. १९७४ मध्ये पाच लॉक टाळण्यासाठी बांधलेली ही यंत्रणा: दोन इंजिनं पाण्याचा पाचरीसारखा तुकडा उतारावरून वर ढकलायची आणि त्यावर लांब मालबोट तरंगत जायची. आता ती बंद आहे, पण इंजिनं जागेवर आहेत आणि सायकलवाट शेजारूनच जाते.

शेवटचे चाळीसेक किमी वाऱ्यावर अवलंबून. एरवी वारा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर. म्हणूनच बोर्दोहून निघावं. पण तुलूझकडे 'ओताँ' नावाचा आग्नेयेचा वारा सुटला की तो थेट तोंडावर येतो आणि झाडांची ओळ संपते तिथे ताशी १५ चा वेग ११ वर उतरतो. त्या दिवशी मी सकाळी सातला निघाले आणि वारा वाढण्याआधी निम्मं अंतर कापलं. तुलूझमध्ये जुळ्या पुलांपाशी गारोन कालवा संपतो आणि कनाल द्यु मिदी सुरू होतो. पुढे जायचं असेल तर डांबर पोर-लोरागेपर्यंत, पन्नासेक किमी. त्यापलीकडे माती आणि मुळं, तिथे ३८ चा टायरही अरुंद वाटेल.

परतीच्या खोक्यासाठी तुलूझच्या सायकल दुकानात दोन दिवस आधी फोन करावा, ऐनवेळी खोकी फेकलेली असतात. आणि डावं पेडल काढताना आटे उलटे आहेत हे लक्षात ठेवावं: पाना घड्याळाच्या दिशेने फिरवला की ते सुटतं.