तोफेचा आवाज मोजणारा मास्तर

बेळगावात पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की गाडी मराठा पलटणीवर येते. साहजिकच आहे, पण तोफखान्याबद्दल कुणी बोलत नाही. पायदळानं पुढे सरकायचं तर आधी समोरच्या तोफा गप्प कराव्या लागतात. १९१७ साली फ्रान्समधल्या व्हिमी रिज या टेकडीवर कॅनेडियन कोअरसाठी (कॅनडाच्या फौजेसाठी) हे काम पाहत होते अँड्र्यू मॅकनॉटन, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकवलेले मास्तर.

टेकडीआडची तोफ दिसत नाही, ऐकू येते. आघाडीमागे ओळीनं सहा मायक्रोफोन मांडायचे. ओळ साधारण आठ किलोमीटरची, म्हणजे बेळगावहून येळ्ळूर गाठावं एवढी. प्रत्येकात प्लॅटिनमची बारीक, तापवलेली तार. आवाजाची लाट आली की तार क्षणभर निवते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि ती थरथर सरकत्या फिल्मवर उमटते. साधा मायक्रोफोन इथं फसायचा. ध्वनीपेक्षा वेगानं येणाऱ्या गोळ्याचा कडकडाट आधी पोचतो आणि तोफेच्या तोंडचा खोल दणका त्यात हरवतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ टकर यांची तापती तार नेमका तो खोल दणकाच टिपते. टकर आणि दुसरे शास्त्रज्ञ ब्रॅग या ब्रिटिशांच्या या कामाचं मोल मॅकनॉटननी ओळखलं, हेच त्यांचं मोठेपण.

आता हिशेब. समजा, दोन मायक्रोफोन १५०० मीटर अंतरावर आहेत आणि आवाज दुसऱ्याला १ सेकंद उशिरा पोचला. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर, म्हणजे तोफ त्याच्यापासून ३४० मीटर जास्त लांब. दूरच्या तोफेची दिशा दोन मायक्रोफोनच्या मधोमध काढलेल्या लंबापासून सुमारे १३ अंश कललेली निघते. दुसऱ्या जोडीवरून दुसरी रेषा काढायची. छेदतील तिथं तोफ. फिल्म वाचताना सेकंदाचा शंभरावा भाग चुकला तर ६ किलोमीटरवर १४ मीटरची चूक होते. हवेचं तापमान १० अंशांनी चुकीचं धरलं तर साधारण २५ मीटरची.

खरा वैरी वारा. तो आपल्याकडून शत्रूकडे वाहत असला की तिकडून येणारा आवाज वर वळतो आणि डोक्यावरून निघून जातो. तिथं पश्चिमेचा वारा नेहमीचाच! शिवाय अनेक तोफा एकदम सुटल्या की फिल्मवर नुसता गोंधळ. म्हणून तोफेच्या झळाळीची निरीक्षणं आणि विमानातून काढलेले फोटो ताडून पाहायचे.

जागा कळली तरी गोळा तिथं पडायला हवा. वापरून नळी झिजली की गोळ्याचा वेग घटतो आणि तो अलीकडेच पडतो. म्हणून प्रत्येक तोफेच्या गोळ्याचा वेग वेगळा मोजायचा, वर वारा आणि तापमानाची दुरुस्ती.

९ एप्रिलच्या व्हिमी रिजवरच्या हल्ल्यापूर्वी जर्मनांच्या सुमारे ८३ टक्के तोफांचे ठिकाण सापडले होते. १९१८ मध्ये मॅकनॉटन कोअरच्या जड तोफखान्याचे प्रमुख झाले.