खानापूरचा पाऊस आणि 'आर': पावसाळ्याच्या नोंदी, गाडी डेटा टाइपवर अडली

बेळगावकडच्या आमच्या खानापुरात मी रोजचा पाऊस मोजतोय आणि त्या नोंदी 'आर' या आकडेमोडीच्या संगणकभाषेत घालतोय. आधी मापकाच्या बाटलीचं सांगतो, कारण ती बघून बरेच जण हसले होते. वीस सेंटिमीटर व्यासाचं फनेल आणि खाली दोन लिटरची बाटली, हे आमचं पर्जन्यमापक. फनेलचं तोंड ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ३१.४ मिलिलिटर पाणी साचलं की १ मिलिमीटर पाऊस. या हिशेबानं दोन लिटरची बाटली ६४ मिलिमीटरच्या आतच काठोकाठ भरते. खानापुरात जुलैमध्ये एवढा पाऊस एका रात्रीत पडतो. आता तेलाचा पाच लिटरचा कॅन लावलाय. माप सकाळी साडेआठला, हवामान खात्यासारखंच.

हा ३१.४ आकडा सारखा लागतो म्हणून तो आरमध्ये एका नावाखाली, म्हणजे व्हेरिएबलमध्ये, ठेवला. नाव दिलं '१मिमी', इंग्रजी अक्षरं-आकड्यांत. आरनं लगेच लाल शेरा मारला: नाव आकड्यानं सुरू करता येत नाही. मग 'मिमी१' केलं, चाललं. दुसऱ्या दिवशी फोनवर टिपलेली ओळ लॅपटॉपवर चिकटवली तर म्हणतो, असलं काही माझ्याकडे नाहीच. फोननं पहिलं इंग्रजी अक्षर आपणहून मोठं केलं होतं. आरला मोठं आणि लहान अक्षर म्हणजे दोन वेगळी माणसं. (ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी ही भाषा केली. दोघांचंही पहिलं अक्षर आर. नाव ठेवताना फार डोकं लावलं नसावं, पण उच्चारायला सोपं.)

आता खरी गंमत. जूनच्या नोंदी आत घेतल्या आणि विचारलं, सगळ्यात जास्त पाऊस किती? उत्तर आलं: 'थेंब'.

मी दोनदा बघितलं. महिन्यातला सगळ्यात मोठा पाऊस, थेंब! झालं होतं असं की ३ जूनला नुसतं शिंतडून गेलं, मोजण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी आकड्याच्या जागी 'थेंब' लिहिलं होतं. एका रकान्यात एकाच प्रकारचा माल, हा आरचा नियम. तीस ओळींपैकी एक शब्द निघाला की बाकीचे एकोणतीस आकडेही शब्द होतात. आणि शब्द झाले की ते शब्दकोशासारखे लागतात, अक्षर अक्षर बघून. मग ११२ ची सुरुवात १ नं होते म्हणून तो ९ पेक्षा लहान. रकान्याचा प्रकार सांगणारी 'टाइपऑफ' आज्ञा दिली तर सरळ सांगितलं: कॅरेक्टर, म्हणजे अक्षरं. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. आता 'थेंब' शेऱ्याच्या वेगळ्या रकान्यात गेलाय आणि आकड्याच्या जागी शून्य आहे.

मामांचं प्रकरण याहून वरचं. जांबोटीला मामांच्या अंगणात दुसरं मापक आहे. ते रोज व्हॉट्सॲपवर आकडा पाठवतात, मराठी आकड्यांत. मला वाटलं, शब्दाचा आकडा करायची आज्ञा दिली की झालं. दिली. सगळा रकाना एनए, म्हणजे 'माहीत नाही'. आरला इंग्रजी आकडेच कळतात, आपलं १२ त्याच्या लेखी अक्षरं. मामांना सांगितलं तर म्हणाले, "काय गा, एवढं शिकलेलं मशीन आन् बारा वळखंना व्हय?" त्यांना सवय बदला म्हणण्यात अर्थ नव्हता. 'चार्टआर' नावाची आज्ञा आहे, दहा मराठी आकड्यांच्या जागी दहा इंग्रजी आकडे बसवते. एका ओळीचं काम. आता मामा त्यांच्या पद्धतीनं, आर त्याच्या.

एनएवरून आठवलं, इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. निपाणीला लग्न होतं, रविवारी सकाळी माप घ्यायला घरात कुणीच नव्हतं. सोमवारी कॅनमध्ये ७८५ मिलिलिटर, म्हणजे २५ मिलिमीटर, दोन दिवसांचं मिळून. मी रविवारी शून्य टाकलं आणि सोमवारी २५. चूक. शून्य म्हणजे बघितलं आणि पाऊस नव्हता. एनए म्हणजे बघितलंच नाही. म्हणून रविवारी एनए केलं. लगेच महिन्याची सरासरीही एनए झाली, कारण एक आकडा माहीत नाही तर सरासरी तरी कशी माहीत असणार? एनए बरोबर एनए का, असं विचारलं तरी तो एनएच म्हणतो. हट्टी आहे, पण त्याचं बरोबर आहे. एनए गाळून सरासरी काढता येते, सगळे व्हिडिओ तेच सांगतात. पण माझ्या बाबतीत दोन दिवसांचं पाणी एका दिवसाच्या नावावर पडतं आणि सरासरी फुगते. शेवटी दोन्ही दिवस एनए केले आणि २५ शेऱ्यात ठेवले. महिन्याच्या बेरजेत ते हातानं मिळवतो.

लॉजिकल, म्हणजे हो-नाहीचा प्रकार मात्र पहिल्या झटक्यात आवडला. २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तर तो पावसाचा दिवस, असं हवामान खातं धरतं. प्रत्येक दिवसाला तेवढंच विचारलं: अडीच किंवा जास्त का? हो-नाहीची रांग आली. तिची बेरीज केली की 'हो' म्हणजे एक आणि 'नाही' म्हणजे शून्य. जूनमध्ये खानापूर १७, जांबोटी २२. जांबोटी घाटाकडे, त्यामुळे नवल नाही.

इंटीजर (पूर्णांक) आणि डबल (दशांशाचे आकडे) यातला फरक मला अजून कुठे नडलेला नाही, म्हणून सोडून देतो.

शेवटी फॅक्टर, म्हणजे ठरावीक गटांची नावं ठेवायचा प्रकार. मामा तारखेनं बोलत नाहीत, नक्षत्रानं बोलतात. त्यामुळे नक्षत्राचा रकाना केला आणि आलेख काढला. आलेखात आर्द्रा आधी, मृग नंतर! सांगितलं नाही तर फॅक्टर वर्णक्रमानं लागतो. मग क्रम हातानं दिला: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा. जुने व्हिडिओ बघणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, २०२० च्या ४.० आवृत्तीआधी फाइल आत घेताना शब्दांचे फॅक्टर आपोआप व्हायचे, आता स्वतः करावे लागतात. मला हेच बरं वाटतं.

आलेख मामांना पाठवला. तरण्यापेक्षा (पुनर्वसू) म्हातारा (पुष्य) जास्त पडलाय ते बघून खूश झाले. मग विचारलं, "आन् वाहन कुठं लिवलंस?"

आता पंचांगातल्या नक्षत्राच्या वाहनाचा रकाना चाललाय. बेडूक, म्हैस, घोडा, कोल्हा. हाही फॅक्टरच, पण याला क्रम द्यायचा नाही, असं मी तूर्त ठरवलंय. मामांचं मत वेगळं आहे, त्यांच्या मते बेडूक सगळ्यात वर.