काकूंनी मनगट धरलं तेव्हा

मंगळवार, रात्रीचे साडेदहा. डाव्या मनगटावर बोटांचे लाल वळ अजून दिसतायत. झोप येतेय खरी पण आजचं आजच लिहून ठेवायचंय, उद्या सकाळी ऑफिसच्या गडबडीत अर्धं विसरायला होईल.

आज आयकिडोच्या, म्हणजे जपानी मार्शल आर्टच्या, क्लासला सात नवीन लोक होते. पाऊस धो धो, शाळेच्या हॉलचा एक कोपरा गळत होता म्हणून मॅट थोडे इकडे सरकवून घातले, त्यामुळे जागा कमी आणि माणसं जास्त. सरांनी सांगून टाकलं की आज फक्त बेसिक, उकेमी म्हणजे पडणं आणि ताई नो हेंको म्हणजे मनगट धरलेलं असताना वळणं, बाकी काही नाही, आणि जुन्या प्रत्येकाने एकेक नवीन माणूस घ्यायचा. मला खरंच वाईट वाटलं. डिसेंबरमध्ये शोदानची, म्हणजे पहिल्या ब्लॅक बेल्टची, परीक्षा आहे, इरिमीनागे हा थ्रो अजून मनासारखा होत नाही, आठवड्यातून दोनच दिवस क्लास मिळतो आणि त्यातला एक दिवस असा जाणार असं मनात आलं. ते मनात ठेवूनच सरावाआधीचं ओनेगाइशिमास म्हणून वाकले, ते चुकलंच माझं.

माझ्या वाट्याला एक काकू आल्या, साठीच्या, बँकेतून रिटायर झालेल्या. सलवार-कमीज, केस घट्ट बांधलेले. म्हणाल्या, मला मारामारी नको गं शिकायला, मला पडायला शिकायचंय. गेल्या वर्षी त्यांच्या सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, त्या परत धड उभ्या राहिल्याच नाहीत, आणि तेव्हापासून काकूंना ओली फरशी दिसली की पोटात गोळा येतो. एवढं नेमकं कारण घेऊन क्लासला आलेलं माणूस मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

उशिरो उकेमी म्हणजे मागे पडणं. एक पाय मागे घेऊन दुमडायचा, हळूच खाली बसायचं, हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, पाठ गोल, मागे लोळायचं आणि तसंच परत वर यायचं. नजर गाठीवर ठेवायला सांगतात कारण मग डोकं आपोआप आत राहतं, मॅटवर आपटत नाही. काकूंचे हात मात्र दर वेळी मागे जायचे टेकायला. सगळ्यांचेच जातात, आणि मनगटं मोडतात ती तिथेच. मग मी त्यांना दोन्ही हात छातीवर घडी घालायला लावले आणि शेजारी बसून अगदी सावकाश करून दाखवायला लागले, आणि त्या सावकाशीत मला माझाच आवाज ऐकू आला. धप्. डावा खुबा टेकत नव्हता, आपटत होता. मागे जाताना मी शेवटची वीतभर बसतच नाही, सोडून देते. वेगात ते कळत नाही, वेगात सगळं गोल वाटतं. सहा वर्षं मी हे असंच करतेय की काय? दहा वेळा सावकाश केलं, आवाज कमी झाला, गेला नाही.

मग ताई नो हेंको. समोरच्याने मनगट धरायचं, आपण आपला पुढचा पाय त्याच्या पायाशेजारी नेऊन वळायचं आणि दोघांनी एकाच दिशेला बघत उभं राहायचं, तळवे वर. बस एवढंच. आयकिडो सुरू करणाऱ्या उएशिबा सेन्सेईंकडे (सेन्सेई म्हणजे गुरू) १९४६ पासून जपानमधल्या इवामात शिकलेले मोरिहिरो सायतो सेन्सेई रोजचा क्लास यानेच सुरू करायचे, आमचाही यानेच होतो, म्हणजे मी हे हजारो वेळा केलेलं असणार.

काकूंनी मनगट धरलं, गर्दीचा रस्ता ओलांडताना नातवाचा हात धरावा तसं, आणि मी वळलेच नाही. वळायला गेले आणि खांद्यातून अडकले. परत केलं, परत तेच. काकू एकदम साधेपणाने म्हणाल्या, तू खेचतेयस गं मला.

खेचतच होते. आमच्या जुन्या मंडळींना मी कुठे जाणार ते माहीत असतं, मी हलायच्या आधी ते अर्धं पाऊल टाकून मोकळे होतात, त्यात कुणाची लबाडी नाही, सवय होते एकमेकांची. काकूंना काहीच माहीत नाही, त्यामुळे माझ्या हातात जे होतं तेच त्यांच्या हातात पोचलं. सर मागून आले, म्हणाले, धरलंय तिथे भांडू नकोस, बाकीचं सगळं अंग मोकळं आहे ना? हे वाक्य मी नवीन मुलांना स्वतः ऐकवते.

आणि मग काकूच म्हणाल्या, अगं हे तर फुगडीसारखं आहे, पायाची बोटं बोटांना लावून. फुगडीत मागे झुकायचं असतं आणि इथे अजिबात नाही, पण त्यांचं म्हणणं पटलं. फुगडीत हात ओढून कुणी फिरत नाही, हात नुसते धरलेले असतात, फिरवतं ते वजन आणि पाय. मंगळागौरीला तासतास फुगडी घातलेली आहे मी, हे अंगाला माहीत होतं. हाताचा विचार सोडला, मनगट त्यांच्याकडे ठेवूनच दिलं आणि पाऊल त्यांच्या पावलाशेजारी नीट नेलं, आणि काकू काही न करता माझ्यासोबत वळून उभ्या राहिल्या, दोघी खिडकीकडे बघत. त्या म्हणाल्या, आता नाही खेचलंस.

शोदानमधल्या 'शो'चा अर्थ सुरुवात, हे परीक्षेच्या तयारीत पाठ केलंय मी, आज ते शब्द डोक्यात फिरतायत.

शेवटी काकूंनी हात न टेकता एक उकेमी केली. वाकडी गेली, एका खांद्यावर, पण हनुवटी आत होती आणि त्या स्वतःच्या स्वतः उठून बसल्या. थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत, पट्टा नव्हता म्हणून ओढणीच कमरेला गाठ मारून बांधली होती, ती गाठ नीट केली आणि म्हणाल्या, परत करू?

मॅट उचलताना सरांना सांगितलं की गुरुवारी मला काकूंसोबतच उभं करा. वळ पडलेत ते डाव्या मनगटावर, जमलं ते त्याच बाजूने, तेही एकदाच. उजवी बाजू अजून तशीच आहे, खांद्यातून अडकते.