परीक्षा नसलेल्या विषयांचे तास

छड्या, सहली आणि गॅदरिंग यांवर लिहिणारे शाळेच्या या स्मरणिकेत पुष्कळ असतील, म्हणून मी शिक्षक-खोलीबाहेर लावलेल्या वेळापत्रकावर लिहितो. आपण मुलं त्यात एवढंच बघायचो, की पीटीचा तास कधी आहे आणि शेवटचा तास कुणाचा आहे. पुढे मी शिक्षक झालो, वेळापत्रकाचं काम अंगावर आलं, आणि तो तक्ता किती डोकं लावून करावा लागतो ते कळलं. महत्त्वाच्या गोष्टींना वेळच होत नाही, ही तक्रार माजी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक मेळाव्यात ऐकू येते. त्यावर या तक्त्याची रीत मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा कामाची वाटते.

आधी तक्ता कसा होतो ते सांगतो. समजा पाचवी ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या, म्हणजे १२ वर्ग. सोमवार ते शुक्रवार आठ तास, शनिवारी पाच, असे आठवड्याला ४५. सगळे मिळून ५४०. शिक्षक १८ असले तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ३० तास. नवखा माणूस आधी गणित-इंग्रजी भरायला घेतो, कारण ते महत्त्वाचे. निम्मा तक्ता झरझर भरतो आणि मग गाडी अडते. चित्रकलेचे शिक्षक एकच, त्यांचे वर्गाला दोन म्हणजे २४ तास घालायचे असतात, आणि उरलेल्या चौकटींत ते एकाच वेळी तीन वर्गांवर लागतात. प्रयोगशाळा एक, मैदान एक, अर्धवेळ शिक्षक आठवड्यातून तीनच दिवस येणार. मग सगळं खोडा. मुरलेला माणूस उलट्या टोकाने सुरुवात करतो. ज्याला हलायला जागा नाही ते आधी बसवतो: प्रयोगशाळेचे जोडतास, अर्धवेळ शिक्षक, चित्रकला, मैदान. गणिताला शिक्षक तिघे असतात, ते तास कुठेही मावतात.

घरच्या आठवड्यातही महत्त्वाच्या गोष्टींची यादी करून फारसं काही होत नाही. त्यातली कोणती गोष्ट कुठे अडते ते बघावं लागतं. पुस्तक रात्री वाचता येतं, पहाटेही येतं. पण वडील दुपारी झोपतात आणि रात्री नऊला दिवा मालवतात, म्हणजे त्यांच्याजवळ बसायला संध्याकाळचा तासाभराचा तुकडाच उरतो. मुलगी साडेसहाला क्लासहून येते आणि आठला अभ्यासाला बसते. पोहायच्या तलावाची बॅच ठरलेली. या चौकटी आधी, शाईने. बाकीचं पेन्सिलने.

परदेशात असलेल्यांना तर जुळणारा तास शोधूनच काढावा लागतो. न्यू जर्सीत रविवारी सकाळी आठ म्हणजे इथे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं सरकली की आईला येणारा फोन चहाच्या वेळेवरून दिवेलागणीवर जातो, किंवा तिच्या मालिकेवर आदळतो. महिनाभर तो 'नंतर करते' होतो आणि मग बंदच पडतो. यावर इलाज साधा आहे: वेळ इथल्या घड्याळाने बांधायची आणि तासाची सरकवासरकव तिकडच्याने सोसायची.

आता हिशेब. आठवड्याचे १६८ तास. झोप रोज साडेसात, म्हणजे साडेबावन्न. नोकरी सहा दिवस साडेआठ तास, म्हणजे ५१. जाणं-येणं १२. आंघोळ-जेवण वगैरे रोज अडीच, म्हणजे साडेसतरा. बाजार, बिलं, मुलांचं बघणं रोज दोन, म्हणजे १४. बेरीज १४७, उरले २१. आकडा बघून हुरळून जाणारे पुष्कळ आहेत. ते २१ तास एकगठ्ठा नसतात, वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत विखुरलेले असतात, आणि सगळे भरायचेही नसतात. वर १८ शिक्षक धरले. १२ वर्गांना कोणत्याही तासाला बाराच लागतात, सहा मोकळे राहतात. बाहेरच्याला ते रिकामे बसलेले दिसतात, पण कुणाला ताप आला तर बदली तास त्यांच्यातूनच निघतो. १२ वर्गांना १२च शिक्षक ठेवले तर कागदावर वेळापत्रक देखणं होईल आणि पहिल्याच पावसात, दोघे गाडीत अडकले की, कोसळेल. म्हणून २१पैकी सहा-सात तासच ठरवून बांधावेत. जो पहिल्याच आठवड्यात व्यायाम, इंग्रजी, बासरी, ट्रेकिंग आणि ध्यान सगळं भरतो, त्याचा तक्ता गणपतीपर्यंतही टिकत नाही.

हा हिशेब नोकरदार पुरुषाचा आहे, हेही उघड सांगायला हवं. त्याच घरातल्या बाईचा मांडला तर १४च्या जागी ३५ येतात आणि वर उरलेले २१ तास तिथेच जिरतात. शाळेत वर्गवार आणि शिक्षकवार असे दोन तक्ते असतात, पण ते एकाच गोष्टीची दोन वाचनं असतात. एकीकडे तास हलला की दुसरीकडे हलतोच. घराचंही तसंच. नवऱ्याचा पहाटेचा रियाज म्हणजे स्वयंपाकघरात कुणाचा तरी बदली तास असतो. तेव्हा तक्ता एकट्याने करू नये. एकाच कागदावर घरातल्या प्रत्येकाची ओळ घ्यावी आणि उभ्या रकान्यात वाचावा. शाळेत चूक पकडायची रीत हीच: आडवं वाचताना सगळं सुरळीत दिसतं, उभं वाचलं की एकच नाव दोन वर्गांत सापडतं.

काय बांधायचं, हा खरा अवघड प्रश्न. शाळेत कोणत्या विषयाला किती तास हे वरून ठरून येतं. घरी अभ्यासक्रम कुणी पाठवत नाही. माझ्या मते तीनपेक्षा जास्त विषय घेऊ नयेत, आणि विषय असा लिहावा की झाला की नाही ते संध्याकाळी सांगता यावं. 'तब्येत' हा विषय नव्हे, 'मंगळवार-शुक्रवार टेकडी' हा विषय. 'आईकडे लक्ष' नव्हे, 'बुधवारी आईच्या गोळ्यांचा डबा भरणं आणि तासभर तिच्याजवळ बसणं'. निवडण्याआधी दोन आठवडे आलेखाच्या वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाला काय केलं ते लिहावं, जमेल तितकं खरं. मोबाइलचे तास मोबाइलच सांगतो, अंदाजाने लिहू नयेत.

हे तीन विषय बहुधा चित्रकला, पीटी आणि ग्रंथालयाच्या तासांसारखेच निघतात. त्यांची परीक्षा नसते, म्हणून त्यांना मागणारा कुणी नसतो. सहामाही जवळ आली की गणिताचे सर येतात आणि 'आजचा पीटीचा तास मला द्या, पोर्शन राहिलाय' म्हणतात. कुणी नाही म्हणत नाही, आणि तो तास कधी परत येत नाही. घरी गणिताच्या सरांचं काम ऑफिस, नातेवाइकांची लग्नं आणि सोसायटीची मीटिंग करतात. तास द्यावा लागतो, त्याला इलाज नाही. पण देताना उसना द्यावा: त्याच आठवड्यातली परतीची चौकट तिथल्या तिथे पेन्सिलने लिहावी. परतीची चौकट सापडत नसेल तर तास देण्याआधी थांबावं. एकच विषय लागोपाठ दोन आठवडे बुडाला तर स्वतःला दोष देत बसू नये, चौकट बदलावी. बहुतेक वेळा तो शेवटच्या तासाला टाकलेला असतो, म्हणजे रात्री दहानंतर. शनिवारच्या पाचव्या तासाला कोणता वर्ग किती शिकतो, हे आपण सगळ्यांनीच बाकावर बसून पाहिलं आहे.

तासाच्या लांबीचाही विचार हवा. ३५ मिनिटांच्या पहिल्या तासात हजेरी, फी, पत्रं यांत दहा मिनिटं जातात, उरतात २५. म्हणून चांगला वेळापत्रक करणारा एकाच विषयाचे सगळे तास पहिल्या रकान्यात टाकत नाही. घरी हजेरीची दहा मिनिटं म्हणजे तबला लावणं, वही शोधणं, मागे कुठे थांबलो ते आठवणं. अर्ध्या तासाच्या तीन बैठकींत यातच अर्धा तास जातो, दीड तासाच्या एका बैठकीत दहा मिनिटं. शिकण्या-लिहिण्याच्या कामाला जोडतास घ्यावा, आणि तो मधल्या सुट्टीवरून जाऊ देऊ नये, म्हणजे मध्ये जेवण नको. उठताना पुढचं पहिलं वाक्य किंवा पुढचा बोल वहीत लिहून उठावं. व्यायामाला मात्र जोडतास नको, त्याला रोजचा आखूड तास बरा. आठवड्यात दोनदाच येणारी गोष्ट लागोपाठच्या दिवशी ठेवू नये, नाहीतर मधले पाच दिवस ती विसरली जाते.

एवढ्याने होतं काय, अशी शंका येते. महामहोपाध्याय पां. वा. काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत होते, १९४७ ते ४९ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली तर शेवटचा १९६२ साली आला. पानं साडेसहा हजारांवर. भागाकार केला तर आठवड्याला छापील चार पानं पडतात. त्यामागचं वाचन प्रचंड, विद्वत्ता त्यांची. आपण घ्यायचा तो फक्त आठवड्याचा आकडा.

टोल झाला की थांबायचं, हेही शाळेतलंच. रुळाचा तुकडा वाजला की धडा अर्धा असला तरी सर खडू ठेवत, कारण दाराशी पुढचे सर उभे असत. रंगात आलो म्हणून दीड तासाचे तीन केले, की दुसऱ्या दिवशी झोप वसूल करते आणि घरातलं कुणीतरी त्याची भरपाई करतं.

शाळेत जूनमध्ये पहिले दोन आठवडे कच्चं वेळापत्रक चालतं, अडचणी कळल्या की पक्कं लागतं, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा फेरफार होतात. घरी तसंच करावं. जूनमध्ये मुलांचे क्लास ठरल्यावर पहिला तक्ता. गणपती, दिवाळी आणि मार्चअखेरचे आठवडे आधीच काट मारून मोकळे सोडलेले. दिवाळीनंतर दुसरा, कारण तोवर दिवस लहान झालेला असतो आणि टेकडीवर जायची सहाची वेळ अंधारात जाते. कागद कपाटात ठेवू नये. फ्रिजच्या दारावर, आणि एक प्रत त्या माणसाकडे, ज्याच्यासाठी बुधवारची चौकट बांधली आहे. ती चुकली तर विचारणारं कुणीतरी हवं.